फाइलीच्या पोटात अख्खी फाइलसिस्टीम: जुना डेटा काढायला जावाची पीओआय लायब्ररी घ्यावी का, आणि नवीन कशात साठवावं?

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे पण नीट सांगितल्याशिवाय मदत मागता येणार नाही म्हणून सगळं लिहितोय.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. त्यांना वीसेक वर्षांमागं कुणीतरी एक सॉफ्टवेअर करून दिलेलं, तो माणूस आता फोन उचलत नाही. प्रत्येक कास्टिंगची एक फाइल, आणि त्या एकाच फाइलीत सगळं: पॅटर्नचे फोटो, पार्टीकडनं आलेल्या ड्रॉइंगचं स्कॅन, हीट नंबरप्रमाणं (हीट म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू) स्पेक्ट्रोचे म्हणजे धातूत काय किती आहे त्याचे रिपोर्ट आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोल्डिंगच्या मिस्त्रींच्या टिपा. रायझर (जादा धातूचा साठा) कुठं ठेवला, कोर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा ठोकळा) कुठला चालला, ब्लो होल (अडकलेल्या हवेची भोकं) कशामुळं आले, मग काय बदललं, असं सगळं. त्यातले बरेच मिस्त्री आता रिटायर झालेत, म्हणजे त्या टिपा गेल्या तर ते ज्ञानच गेलं, परत विचारायला माणूस नाही. आणि ते सॉफ्टवेअर फक्त एका एक्सपीच्या मशीनवर चालतंय, ज्याचा फॅन आता ट्रॅक्टरसारखा वाजतोय.

फाइलींचं एक्स्टेन्शन मी जन्मात ऐकलेलं नाही. सगळे म्हणाले प्रोप्रायटरी फॉरमॅट आहे, सोडून द्या. पण हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून बघितलं तर पहिले आठ बाइट डी० सीएफ ११ ई० ए१ बी१ १ए ई१. ज्यांनी जुन्या .डॉक किंवा .एक्सएलएस फाइली आतनं बघितल्यात त्यांना हे आठ बाइट लगेच ओळखू येतील. म्हणजे ही फॉरमॅट त्या माणसानं स्वतः केलेलीच नाही, ही मायक्रोसॉफ्टची कंपाउंड फाइल आहे, जिला ओएलई टू म्हणतात. वर्ड ९७ ते २००३ च्या फाइली, एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुकची .एमएसजी, विंडोजचं .एमएसआय इन्स्टॉलर, एक्सपीच्या फोल्डरमध्ये लपलेली थंब्स.डीबी, सगळं हेच.

आता मजा अशी की ही फाइल म्हणजे एक छोटी डिस्कच आहे. आत फोल्डर (त्याला स्टोरेज म्हणतात), फोल्डरमध्ये फाइली (स्ट्रीम म्हणतात), आणि कुठला तुकडा कुठं पडलाय ते सांगणारं फॅट टेबल, अगदी जुन्या फ्लॉपीसारखं. सुरुवातीला ५१२ बाइटचा हेडर, पुढं ५१२ बाइटचे सेक्टर, आणि फॅटमध्ये प्रत्येक सेक्टरसाठी ४ बाइटचा आकडा जो सांगतो की ह्याच्या पुढचा सेक्टर कुठला. साखळी संपली की एक ठराविक खूण. मोठ्या डिस्कवरची कल्पना जशीच्या तशी एका डॉक्युमेंटमध्ये बसवलीय, आणि मला हे इतकं आवडलंय की रात्री झोपायचं सोडून तेच वाचत बसतोय.

ह्याच्यासाठी जावामध्ये अपाची पीओआय ही लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) आहे. अँड्र्यू ऑलिव्हर आणि मार्क जॉन्सन ह्यांनी २००१ मध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट. बहुतेक लोक तो एक्सेल वाचाय-लिहायलाच वापरतात, पण त्याच्या तळाला पीओआयएफएस नावाचा जो थर आहे त्याला एक्सेलशी काही देणंघेणं नाही, तो फक्त ही आतली फाइलसिस्टीम वाचतो आणि लिहितो. म्हणजे कुणाचीही कंपाउंड फाइल चालते, एक्स्टेन्शन काही का असंना.

तर प्रश्न असे. एक, पीओआयएफएसनं काढताना मूळ फाइलीला धक्का लागणार नाही ना? दोन, काही फाइली पेनड्राइव्हवर कॉपी होताना अर्धवट राहिल्यात, मूळ डिस्क केव्हाच गेलीय, त्यातनं पीओआय सरळ एरर देतंय आणि पायथनच्या ओलेफाइल ह्या लायब्ररीनं फोटो निघतायत पण टिपा सगळ्या कचरा. असं का? आणि तीन, इथनं पुढं नवीन सॉफ्टवेअर मलाच करायचंय, तर ते पण ह्याच फॉरमॅटमध्ये साठवावं का?

बिंदूचौक

भारी धागा. पहिल्याचं उत्तर सोपंय दादा. पीओआयएफएसफाइलसिस्टमला जावाचा फाइल ऑब्जेक्ट दिला तर तो डिफॉल्टनं रीड ओन्लीच उघडतो, लिहायचं असेल तर तुम्हाला मुद्दाम सांगायला लागतं. इनपुटस्ट्रीम दिलीत तर तो अख्खी फाइल मेमरीत ओढतो, तुमच्या फोटोवाल्या फाइली मोठ्या असतील तर फाइल ऑब्जेक्टच द्या. आणि तरीसुद्धा, लायब्ररी काय म्हणते ते बाजूला ठेवून, आधी सगळ्याची कॉपी करा, मूळ फाइलींना हात लावू नका, कॉपीवरच काम करा.

काढायचं काम म्हणजे रूट घ्यायचं, त्यातल्या एन्ट्री फिरायच्या, डिरेक्टरी असेल तर आत शिरायचं, डॉक्युमेंट असेल तर डॉक्युमेंटइनपुटस्ट्रीमनं बाइट काढून साध्या फाइलीत टाकायचे. पन्नास ओळीत होतंय.

कोड लिहायच्या आधी नुसतं बघायचं असेल तर सेव्हन झिप ह्या प्रोग्रामनं पण ह्या फाइली उघडतात, राइट क्लिक करून आत काय काय आहे ते दिसतं.

इचलकरंजी_लूम

मला एक कळंना, एवढं सगळं कशाला? एक्सपीचं मशीन चालू हाय तोवर त्या सॉफ्टवेअरमधनंच एकेक फाइल उघडून प्रिंट मारा नाहीतर पीडीएफ करा. पोरं बसवा दोन, महिन्यात काम संपतंय. आणि नवीन करताना साधं फोल्डर ठेवा, एका कास्टिंगचं एक फोल्डर, आत जेपीजी, पीडीएफ आणि टेक्स्ट फाइल. उद्या तुम्ही पण फोन उचलला नाही तर तुमच्यानंतरच्या माणसानं काय लायब्ररी शोधत बसायची का?

उद्यमनगरकर

बिंदूचौक, सेव्हन झिपचं माहीत नव्हतं, आत्ता लगेच बघितलं, सगळं झाड दिसतंय! "रूट एन्ट्री"च्या खाली हीट नंबरचे फोल्डर, त्यात रिपोर्ट. खरंच आनंद झाला.

लूमभाऊ, तुमचं शेवटचं वाक्य मला पटलंय आणि त्यावर मी परत येतो. पण पीडीएफ करून टिपा शोधता येणार नाहीत. ब्लो होल म्हणून शोधलं की सगळ्या जुन्या कास्टिंगमधले अनुभव एका जागी यावेत ही मालकांची इच्छा आहे आणि ती मला फार रास्त वाटते.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण ह्या फॉरमॅटचं मी बरंच काम केलंय आणि तुमचं लक्षण वाचूनच काय झालंय ते कळलं.

ह्या फाइलसिस्टीममध्ये साठवणुकीच्या दोन जागा आहेत. ४०९६ बाइट किंवा त्याहून मोठी स्ट्रीम असेल तर ती सरळ ५१२ च्या सेक्टरमध्ये जाते, तिची साखळी मुख्य फॅटमध्ये. पण ४०९६ पेक्षा लहान असेल तर तिला वेगळी वाट. अशा सगळ्या लहान स्ट्रीम एकाच मोठ्या स्ट्रीममध्ये ६४ बाइटच्या तुकड्यांनी कोंबलेल्या असतात, तिला मिनी स्ट्रीम म्हणतात आणि ती रूट एन्ट्रीच्या नावावर असते. तिच्या तुकड्यांचा हिशोब ठेवायला वेगळं मिनी फॅट. कारण साधं, ७० बाइटच्या टिपेसाठी ५१२ बाइट घालवणं त्या काळात परवडणारं नव्हतं, ६४ चे दोन तुकडे म्हणजे १२८ बाइटमध्ये काम होतं.

म्हणजे तुमचे फोटो मोठे, ते मुख्य फॅटवर. टिपा छोट्या, त्या सगळ्या मिनी स्ट्रीममध्ये. फाइलीचं शेपूट तुटलं आणि त्या शेपटात मिनी फॅटचा सेक्टर होता, तर फोटो सगळे सुखरूप आणि टिपा सगळ्या एकदम बेपत्ता. मिनी फॅटचा एक ५१२ चा सेक्टर १२८ तुकड्यांचा हिशोब ठेवतो, म्हणजे एक सेक्टर गेला की ८ किलोबाइट टिपांचा पत्ता गेला. पीओआय उघडतानाच मिनी फॅट वाचायला जातं म्हणून ते दारातच एरर देतं, ओलेफाइल जरा सहनशील आहे, जेवढं मिळतं तेवढं देतं. दोघांचं वागणं बरोबरच आहे, फक्त कामं वेगळी.

आता चांगली बातमी. पत्ता गेलाय, माल कदाचित तिथंच आहे. डिरेक्टरीत म्हणजे फाइलीतल्या आतल्या यादीत प्रत्येक स्ट्रीमची १२८ बाइटची नोंद असते, त्यात नाव, सुरुवातीचा तुकडा आणि एकूण लांबी. मिनी फॅटशिवाय पुढचा तुकडा कुठला ते कळत नाही, पण टीप एकदाच लिहून नंतर कधी बदललेली नसेल तर तिचे तुकडे बहुतेक सलग पडलेले असतात. मग सुरुवातीचा तुकडा ४० असेल तर मिनी स्ट्रीममध्ये ४० गुणिले ६४ म्हणजे २५६० व्या बाइटपासून लांबीएवढं वाचा. मिनी स्ट्रीम स्वतः मुख्य फॅटवर असते, ते तुमचं शाबूत दिसतंय कारण फोटो निघतायत. डिरेक्टरी वाचून हे करायला पायथन पुरे, ओलेफाइल डिरेक्टरीच्या नोंदी देतंच.

हे करून बघा आणि काय निघालं ते सांगा. टिपा बदललेल्या असतील तर मधेच दुसऱ्याचा मजकूर येईल, तो डोळ्यांनी वेगळा करायला लागेल.

शाहूपुरी_प्रेस

मधेच विचारतो माफ करा. आमची छापखान्याची लाइन. २०१९ च्या पुरात कुंभार गल्लीकडच्या आमच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं आणि जुनी मशीन पाण्यात गेली. एका डिस्कवरनं बऱ्याच .डॉक फाइली परत मिळाल्या पण वर्ड त्यातल्या काही उघडत नाही. ताईंनी सांगितलं ते .डॉकला पण लागू का? जुन्या स्मरणिका आहेत, गावोगावच्या शाळांच्या, दुसरी प्रत कुठं असेल असं वाटत नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

हो, वर्ड ९७ ते २००३ ची .डॉक पण तीच फाइलसिस्टीम. आत वर्डडॉक्युमेंट नावाची स्ट्रीम असते, मजकूर तिच्यात. शेजारी झीरोटेबल किंवा वनटेबल, त्यात मजकुराचे तुकडे कुठल्या क्रमानं लावायचे त्याचा हिशोब. मग चित्रांसाठी बऱ्याचदा डेटा नावाची, आणि आत दुसरं काही एम्बेड केलं असेल तर ऑब्जेक्टपूल नावाचं फोल्डर. ह्यातलं वर्डडॉक्युमेंट आणि टेबल वर्डला लागतंच, ते नाही मिळालं की तो फाइल नाकारतो. पण तुम्हाला मजकूरच हवाय तर फक्त वर्डडॉक्युमेंट स्ट्रीम बाहेर काढलीत तरी बराचसा मिळतो. फॉरमॅटिंग जाईल, क्रम क्वचित बिघडेल, पण स्मरणिकेचे लेख हाताशी येतील. मायक्रोसॉफ्टनं ह्या सगळ्या जुन्या फॉरमॅटची माहिती २००८ मध्ये खुली केली, त्यामुळं अंदाजानं काही करायला लागत नाही, तक्त्यातला प्रत्येक बाइट लिहून ठेवलेला आहे.

पन्हाळ्याचा_वारा

प्रेसवाले काका, एक सांगतो म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. मजकूर बाहेर काढलात की तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसेल. म्हणून टाकून देऊ नका! त्या काळात छापखान्यात श्रीलिपी, आकृती, आयएसएम असल्या फॉन्टवरच काम चालायचं, युनिकोड (सगळ्या लिप्यांना ठरलेले कोड देणारी पद्धत) तिथं फारसं वापरात नव्हतं. फाइलीत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचं रूप चढवतो. कुठला फॉन्ट होता ते कळलं की कन्व्हर्टरनं युनिकोड होतं. फॉन्टचं नाव पण टेबल स्ट्रीममध्ये सापडतं.

उद्यमनगरकर, तुम्ही पण हे तपासा. "टिपा कचरा" म्हणालात, तो खरंच तुटलेला डेटा आहे की फॉन्टमधलं मराठी आहे? ओळखायची खूण अशी: शब्दांच्या लांबीएवढ्या अंतरावर स्पेस येतायत, वाक्याच्या शेवटी टिंब आहे, तेच तेच अक्षरांचे गट परत परत दिसतायत, तर ते मराठी आहे. शून्याचे पट्टेच्या पट्टे किंवा एफएफ एफएफ दिसत असेल तर ते सेक्टरचं काहीतरी.

उद्यमनगरकर

वारा भाऊ, तुम्ही आणि ताई दोघं पण बरोबर निघालात आणि त्यामुळंच मला काय चाललंय ते कळत नव्हतं. चांगल्या फाइलीतल्या टिपा पण कचराच दिसत होत्या, कारण त्या आयएसएमच्या योगेश फॉन्टमध्ये आहेत. आणि तुटलेल्या फाइलीतल्या खरोखरच तुटलेल्या. मी दोन्हीला एकच रोग समजून चाललेलो.

ताई, तुम्ही सांगितलेली पद्धत चालली. डिरेक्टरीतनं सुरुवात आणि लांबी घेऊन मिनी स्ट्रीममधनं सलग वाचलं, मग कन्व्हर्टरमधनं काढलं, आणि स्क्रीनवर आलं: "कोर कच्चा होता, जास्त भाजून घेतला, मग होल आले नाहीत". मालकांना दाखवलं तर ते म्हणाले ही भाषा अमुक मिस्त्रींची, लगेच ओळखली त्यांनी. काही टिपांत मधेच दुसऱ्या हीटचा मजकूर घुसलाय, जिथं नंतर भर घातलीय तिथं. पण तेवढं हातानं लावता येईल.

आता तिसरा प्रश्न. मला वाटतं हीच फॉरमॅट चालू ठेवावी. वीस वर्षांनी, करणारा माणूस गायब असताना, अनोळखी एक्स्टेन्शन असताना, मी आठ बाइटवरनं ओळखून सगळं बाहेर काढू शकलो. हे ह्या फॉरमॅटचं मोठेपण नाही का? आणि पीओआयएफएसमध्ये लिहिणं पण सोपंय, क्रिएटडिरेक्टरी, क्रिएटडॉक्युमेंट, शेवटी राइटफाइलसिस्टम, झालं.

बिंदूचौक

नाही, इथं मी जोरात नाही म्हणतो. वाचायला ही लायब्ररी सोन्यासारखी, नवीन गोष्ट ह्याच्यावर बांधू नका.

पहिलं म्हणजे लाइट. विंडोजच्या मूळ एपीआयमध्ये कमिट आणि रिव्हर्ट होतं, म्हणजे बदल अर्धवट राहिले तर जुनं शाबूत. पीओआयएफएसमध्ये तशी सोय नाही. जागच्या जागी लिहिताना शिरोलीत लाइट गेली तर फॅट एक सांगतंय आणि डिरेक्टरी दुसरंच, आणि परत तुम्ही इथंच धागा काढणार. दरवेळी नवीन फाइल लिहून मग नाव बदलायचं केलंत तर वाचाल, पण मग फोटोंसकट अख्खी फाइल दरवेळी लिहायची.

दुसरं नावांचं. स्ट्रीमच्या नावाला युटीएफ १६ ह्या युनिकोड पद्धतीत मोजून ३१ अक्षरं, बास. आणि मराठीत काना मात्रा वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, नुसतं "स्पेक्ट्रो रिपोर्ट" लिहिलं तरी १८ गेली. स्लॅश, बॅकस्लॅश, कोलन आणि उद्गारचिन्ह तर चालतच नाही.

तिसरं, आत कॉम्प्रेशन नाही. टेक्स्ट रिपोर्ट आहेत तसे पडून राहणार.

मायक्रोसॉफ्ट स्वतः ह्यातनं बाहेर पडलंय हो. ऑफिस २००७ पासून .डॉकएक्स म्हणजे झिप, आत एक्सएमएल. ओपनडॉक्युमेंट त्याच्या आधीपासनं झिपवर. तुम्ही पण झिप करा, जगातल्या कुठल्याही मशीनवर उघडतं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

पूर्ण बाहेर पडलेलं नाही बरं का. .डॉकएक्सला पासवर्ड लावलात की बाहेरची फाइल परत कंपाउंड फाइलच होते, आत एन्क्रिप्टेडपॅकेज नावाच्या स्ट्रीममध्ये तुमचं झिप कुलूप लावून ठेवलेलं असतं. आणि मॅक्रोवाल्या .एक्सएलएसएममध्ये झिपच्या आत व्हीबीएप्रोजेक्ट.बिन असते, ती पण हीच. म्हणून कुणी पासवर्डची डॉकएक्स झिपनं उघडायला गेलं की उघडत नाही आणि फाइल खराब झाली असं वाटतं.

पण बिंदूचौक ह्यांच्या मूळ मुद्द्याशी सहमत. आणि मी त्यात एक गंभीर गोष्ट घालते. ह्या फाइलीतली एखादी स्ट्रीम डिलीट केली की फॅटमध्ये तिचे सेक्टर फक्त "मोकळे" म्हणून लिहिले जातात, आतला मजकूर तसाच राहतो. फाइल लहान पण होत नाही. फाउंड्रीनं एखाद्या पार्टीचे रेट त्यात टाकून नंतर काढून टाकले असतील आणि ती फाइल दुसऱ्या पार्टीला मेल केली असेल, तर तिकडचा माणूस हेक्स एडिटरमध्ये ते रेट वाचू शकतो. जुन्या वर्डच्या फाइलींमधनं लोकांचा असा खोडलेला मजकूर बाहेर आलेला आहे, फास्ट सेव्हचं तर कामच असं होतं की बदल शेवटी जोडायचे आणि जुनं तसंच ठेवायचं. तेव्हा जुन्या फाइली कुणाला द्यायच्या असतील तर तशाच देऊ नका. पीओआयमध्ये एन्ट्रीयुटिल्सचं कॉपीनोड्स आहे, त्यानं नवीन रिकाम्या फाइलसिस्टीममध्ये फक्त जिवंत स्ट्रीम उतरवून घ्या आणि ती द्या.

उद्यमनगरकर

हे रेटचं वाचून हातातलं काम सोडून तपासलं. एका फाइलीत मोकळ्या सेक्टरमध्ये जुनं कोटेशन सापडलं. ते बाहेर कुठं गेलेलं नाही हे मालकांशी बोलून खात्री केली. ताई, ह्या एका गोष्टीसाठी तुमचे किती आभार मानू.

नवीनचं मत बदललं माझं. पण झिपबद्दल एक शंका, झिपमध्ये एक टीप बदलायची तरी अख्खं झिप परत लिहायला लागतं ना?

पन्हाळ्याचा_वारा

बहुतेक वेळा तसंच होतं, म्हणूनच मी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस म्हणतो. एकच फाइल, २००० पासून चालू असलेलं, फोटो ब्लॉब म्हणून (म्हणजे कच्च्या बाइटचा गठ्ठा म्हणून) आत टाका, टिपा टेबलमध्ये. लाइट गेली तर जर्नलवरनं (बदलांच्या नोंदवहीवरनं) आपोआप जुन्या चांगल्या स्थितीवर येतं, ह्यासाठी तुम्हाला एक ओळ लिहायला लागत नाही. खोडलेलं खरोखर पुसायचं असेल तर सिक्युअर डिलीट नावाची सेटिंग आहे, फाइल आटपायची तर व्हॅक्यूम. लहान ब्लॉब तर सुट्या फाइलींपेक्षा जलद वाचता येतात असं एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतः मोजून मांडलंय. आणि "ब्लो होल" शोधायचं ते मालकांचं स्वप्न, ते फुल टेक्स्ट सर्चनं एका क्वेरीत.

आणि ओळख पण तशीच आहे, फाइलीच्या सुरुवातीलाच साध्या अक्षरात लिहिलेलं असतं की ही एसक्यूलाइट फॉरमॅट ३. वीस वर्षांनी कुणी हेक्स एडिटर उघडला तर आठ बाइट ओळखायची पण गरज नाही, सरळ वाचताच येईल.

बिंदूचौक

एसक्यूलाइट चालेल, पण ती फाइल नेटवर्कच्या शेअर फोल्डरवर ठेवून चार मशीनवरनं एकदम उघडू नका. नेटवर्क फाइलसिस्टीमवरचं लॉकिंग भरवशाचं नसतं, त्यात फाइल खराब होऊ शकते, हे एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात. एका मशीनवर ठेवा, बाकीच्यांना छोटा सर्व्हर लिहून ब्राउझरमधनं द्या.

इचलकरंजी_लूम

तुम्ही सगळे लई हुशार आहात पण माझा प्रश्न राहिलाच की. तुमच्यानंतरच्या माणसाचं काय? त्याला एसक्यूलाइट माहीत असंल, पण तुमच्या टेबलांची नावं आणि कुठल्या खान्यात काय, हे कोण सांगणार?

उद्यमनगरकर

लूमभाऊ, त्यावर मी परत येतो म्हणालेलो, आलो. तुमचा मुद्दा ह्या धाग्यातला मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण जुन्या फाइलीत फाइलसिस्टीम ओळखता आली तरी स्ट्रीममधल्या बाइटचा अर्थ कुणी लिहून ठेवलेला नव्हता. स्पेक्ट्रोच्या रिपोर्टमध्ये कार्बन, सिलिकॉन, मँगनीज कुठल्या क्रमानं आहेत ते मला छापील जुने कागद शेजारी ठेवून जुळवायला लागलं. बाहेरची पेटी ओळखीची होती म्हणून उघडली, आतल्या पुड्यांवर नाव नव्हतं.

म्हणून असं ठरवलंय. रोजचं काम एसक्यूलाइटमध्ये, एका मशीनवर, सगळे ब्राउझरमधनं. टेबलांची नावं पूर्ण आणि स्पष्ट, आणि एक टेबल फक्त माहितीचं, त्यात मराठीत लिहिणार की कुठल्या खान्यात काय आहे, एकक कुठलं, रिपोर्टमधले आकडे टक्के आहेत का आणखी काही. आणि रोज रात्री प्रत्येक कास्टिंगचं झिप आपोआप तयार होणार, आत तुम्ही म्हणता तसं साधं फोल्डर: जेपीजी, पीडीएफ, युनिकोडमधली टेक्स्ट फाइल. पार्टीला द्यायचं ते हेच झिप, त्यात खोडलेलं काही जाणार नाही कारण ते दरवेळी नव्यानं बनतं. आणि ते झिप उघडायला माझी गरज नाही, तुमची पण नाही.

जुन्या फाइली मात्र फेकणार नाही, काढलेल्या मजकुराशेजारी मूळ फाइल तशीच ठेवणार. आज फॉन्ट कन्व्हर्टरनं काही जोडाक्षरं चुकीची काढलीयत, रफारात विशेष गडबड आहे, उद्या चांगला कन्व्हर्टर मिळाला तर परत मूळावरनं काढता येईल.

इचलकरंजी_लूम

हे पटलं. आमच्या लूमच्या डिझाइनच्या जुन्या फाइली पण अशाच पडल्यात, उद्याच पहिले आठ बाइट बघतो.

शाहूपुरी_प्रेस

ताई, एका शाळेच्या स्मरणिकेतनं वर्डडॉक्युमेंट काढली आणि वारा भाऊंनी सांगितलं तसं श्रीलिपीतनं फिरवलं. मुख्याध्यापकांचं मनोगत पूर्ण आलं, खाली तारखेसकट. फोटो नाहीत आले पण लेख आहेत. एक विचारायचंय, एका फाइलीत सुरुवातीचे ते आठ बाइटच नाहीत, सगळे शून्य आहेत, पुढं मात्र मजकूर दिसतोय. तिचं काही होईल का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

काका, होईल. हेडर गेलाय म्हणजे फॅट आणि डिरेक्टरी कुठं आहे ते सांगणारं पहिलं पान गेलं, त्यामुळं कुठलीच लायब्ररी ती उघडणार नाही. पण डिरेक्टरी स्वतः आतच कुठंतरी आहे. हेक्स एडिटरमध्ये "रूट एन्ट्री" शोधा, इंग्रजीत, पण प्रत्येक अक्षरानंतर एक शून्य बाइट धरून, कारण नावं युटीएफ १६ मध्ये असतात. ती जिथं सापडेल तो डिरेक्टरीचा पहिला सेक्टर. त्या सेक्टरची सुरुवात, वजा ५१२, भागिले ५१२, हा त्याचा नंबर. फॅटचे सेक्टर ओळखायचे म्हणजे ४-४ बाइटचे आकडे एकेकानं वाढत गेलेले दिसतात, असा पट्टा शोधा. हे दोन्ही आणि फाइल किती मोठी आहे ते मला कळवा, मग दुसऱ्या चांगल्या फाइलीचा हेडर घेऊन त्यात काय काय बदलायचं ते बाइटवार लिहून देते.

आणि तोपर्यंत त्या फाइलीवर काहीही सेव्ह करू नका, कॉपी काढून तिच्यावरच शोधा.